जुना पाम घ्यायचाय? आधी सेल काढून पाहा

पाम थ्री-एक्सई हा २००० साली बाजारात आलेला खिशातला ऑर्गनायझर. १६ मेगाहर्ट्झचा ड्रॅगनबॉल प्रोसेसर, ८ एमबी रॅम, १६० बाय १६० ठिपक्यांचा करड्या छटांचा स्क्रीन आणि ट्रिपल-ए मापाचे दोन बारीक सेल, एवढाच याचा संसार. पत्ते, भेटीगाठी, कामांची यादी आणि टिपणं या चार गोष्टी तो झटपट करतो. बटण दाबताच जागा होतो, आपण लावलेल्या आठवणीखेरीज अधेमधे कसली सूचना वाजवत नाही. त्यामुळे वापरलेला नग कुठे मिळाला की घ्यावासा वाटतो. पण विकणारा ‘चालू आहे’ म्हणतो तेव्हा बहुतेकदा स्क्रीन उमटतो एवढंच त्याने पाहिलेलं असतं. यातली खरी दुखणी स्क्रीनवर दिसत नाहीत.

पहिलं दुखणं स्मरणाचं. या यंत्रात हार्ड डिस्क नाही आणि मेमरी कार्डाची खाचही नाही. सगळ्या नोंदी थेट रॅममध्ये राहतात, आणि रॅमला वीज मिळत नसेल तर तिच्यातलं सगळं पुसलं जातं. म्हणून पाम ‘बंद’ केला तरी तो खऱ्या अर्थाने बंद होत नाही. सेलमधून अगदी थोडी वीज रॅमकडे जातच राहते. सेल बदलतानाची फट भरून काढायला आत एक कपॅसिटर, म्हणजे थोडी वीज साठवणारा भाग, असतो आणि तो साधारण मिनिटभर रॅमला तगवतो. इतक्या वर्षांनी हा कपॅसिटर थकलेला असू शकतो.

तपासणी सोपी आहे. नवे सेल बरोबर न्यावेत. टिपणात एक ओळ लिहावी आणि यंत्र बटणाने बंद करावं. चालू असतानाच सेल काढले तर प्रोसेसर आणि स्क्रीन कपॅसिटरमधली वीज पटकन पिऊन टाकतात आणि चांगला नगही नापास होतो. मग दोन्ही सेल काढून सावकाश पंधरापर्यंत मोजावं, नवे सेल घालून चालू करावं. ओळ जागेवर असेल तर उत्तम. स्वागताचा पडदा आणि ‘या खुणेवर टेकवा’ अशी सूचना दिसली, तर स्मृती गेली असं समजावं. तसा नग अगदी टाकाऊ नाही. हाताशी सोल्डरिंगची सवय असेल तर कपॅसिटर बदलता येतो. नसेल तर प्रत्येक वेळी सेल बदलण्याआधी संगणकावर प्रत काढण्याची शिस्त पाळावी लागेल, आणि अशी शिस्त फार दिवस टिकत नाही.

सेलचा कप्पा उघडलाच आहे तर पत्र्याच्या टोकांकडेही पाहावं. पांढरट किंवा हिरवट बुरा म्हणजे अल्कलाइन सेल गळला होता. फक्त टोकांवर असेल तर कापसाच्या काडीला किंचित व्हिनेगर लावून पुसावं, नंतर आयसोप्रोपिल अल्कोहोलने साफ करावं. बुरा आत सर्किट बोर्डाकडे सरकलेला दिसला तर मात्र नग परत करावा.

रिचार्जेबल सेल वापरायचे असतील तर एक खुबी माहीत हवी. त्यांचा दाब १.२ व्होल्ट, अल्कलाइनचा १.५. त्यामुळे पुरेसा चार्ज असतानाही यंत्र ‘सेल संपत आले’ म्हणून कुरकुरतं. स्क्रीनखालच्या लिहिण्याच्या जागेत लेखणीने शॉर्टकटची वेलांटी काढून, दोनदा टिचकी मारून टिंब द्यावं आणि ७ लिहावं, म्हणजे मोजमापाचा प्रकार बदलतो. याच पद्धतीने १ किंवा २ लिहिण्याची गंमत करू नये. त्या आज्ञा प्रोग्रामरांच्या आहेत, त्यांनी सिरीयल पोर्ट, म्हणजे संगणकाशी जोडण्याची जुन्या पद्धतीची खाच, उघडा राहतो आणि सेल भराभर उतरतात.

दुसरं दुखणं स्पर्शाचं. वर लवचिक प्लास्टिक, खाली काच आणि दोघांवर वीजवाहक पारदर्शक थर, अशी या स्क्रीनची रचना. लेखणी टेकली की दोन्ही थर त्या बिंदूपाशी चिकटतात. एका थरावर टोकापासून टोकापर्यंत व्होल्टेज दिलेलं असतं, दुसऱ्याने ते त्या बिंदूपाशी मोजलं की जागा कळते. प्रेफरन्समध्ये, म्हणजे सेटिंगमध्ये, जाऊन डिजिटायझर (स्पर्श ओळखणारा हा भाग) नव्याने जुळवावा आणि लिहिण्याच्या जागेच्या दोन बाजूंची चारही छापील चित्रं एकेक करून दाबून पाहावीत. सगळीकडे सारखीच चूक असेल तर ती जुळवणीची, आणि ती दुरुस्त होते. एकच कड वेडीवाकडी वागत असेल तर चौकट आणि स्क्रीनच्या फटीत कचरा अडकून थर दाबले गेलेले असतात. पातळ कागदाची कड तिथून फिरवली की बहुधा सुटतं. टेकवलेला बिंदू दर वेळी वेगळीकडेच उमटत असेल तर वीजवाहक थर झिजला आहे. त्यावर उपाय दुसरा स्क्रीन.

अक्षरांची जागा सगळ्यात जास्त घासलेली असते, म्हणून तिथे ग्राफिटीची, म्हणजे पामला ओळखता येणाऱ्या सोप्या वळणाची, काही अक्षरं काढून पाहावीत. डावीकडे अक्षरं, उजवीकडे आकडे. रोमन ए साठी उलटा व्ही, आडवी दांडी न देता. देवनागरी मात्र इथे नाही. या यंत्राची लिपी एका अक्षराला एक बाइट देणारी, पश्चिम युरोपीय भाषांपुरती आहे. मराठी टिपणं रोमन अक्षरांत लिहायची तयारी हवी.

संगणकाशी जोडण्यासाठीची बैठक, म्हणजे क्रेडल, सोबत आहे का ते विचारावं. थ्री-एक्सईची क्रेडल नऊ पिनांच्या सिरीयल पोर्टची. हे जुनाट वाटतं, पण आज ते सोयीचंच ठरतं. नंतरच्या यूएसबी पामसाठी कंपनीने ६४-बिट विंडोजचा ड्रायव्हर दिला नाही, तर सिरीयलला यूएसबी-सिरीयल अडॅप्टर चालतो. अडॅप्टर खऱ्या आरएस-२३२ (सिरीयल पोर्टचं जुनं प्रमाण) दाबाचा असावा. हा दाब धन-ऋण असा दोन्हीकडे झुलतो, आणि ३.३ किंवा ५ व्होल्टचे हौशी सर्किट बोर्ड तिथे कामाचे नाहीत. पहिल्यांदा जोडताना वेग सेकंदाला ९६०० बिट ठेवावा, जमलं की वाढवावा. लिनक्सवर पामशी नोंदी जुळवायला जे-पायलट हा प्रोग्राम चालतो.

आता एक हिशेब असा, जो कुठल्याही दुरुस्तीने बदलत नाही. पामची कॅलेंडरातली तारीख १६ बिटांत बसवलेली आहे: वर्षाला ७, महिन्याला ४, दिवसाला ५. सात बिटांत ० ते १२७ एवढेच आकडे मावतात आणि मोजणी १९०४ पासून सुरू होते. १९०४ अधिक १२७ म्हणजे २०३१. त्यानंतरची भेट नोंदवायची सोयच नाही. टिपणं आणि कामांच्या यादीपुरता घ्यायचा असेल तर याने फारसं बिघडत नाही. पण वाढदिवस आणि विम्याचे हप्ते दरवर्षी आपोआप आठवून देणारी डायरी म्हणून घेत असाल, तर विचार दोनदा करावा.

पासवर्डवरही भरवसा नको. ‘खासगी’ म्हणून खूण केलेल्या नोंदी फक्त लपवल्या जातात, सांकेतिक लिपीत जात नाहीत. पामला जोडलेल्या संगणकावर त्या वाचता येतात. म्हणूनच आधीच्या मालकाची माहितीही त्यात असू शकते. घेतल्याबरोबर ती पुसावी: पॉवरचं बटण दाबून धरायचं, मागच्या बारीक भोकात सरळ केलेली कागदाची क्लिप दाबून सोडायची, मग बटण सोडायचं. सगळं पुसायचं का असं विचारल्यावर वर सरकवण्याचं बटण दाबायचं. दुसरं कुठलंही बटण दाबलं तर जुन्या मालकाचे पत्ते जसेच्या तसे राहतात.