गच्चीवर ऊन, पठारावर वारा

कोल्हापुरात गच्चीवर सोलर बसवायचा विषय निघाला की घरातलं कुणीतरी हमखास म्हणतं, "आणि पावसाळ्यात काय करायचं? त्यापेक्षा एक बारकी पवनचक्कीच बसवूया की!"

शंका रास्त आहे. आषाढात इथं सूर्य दिसायची मारामार, आणि नेमके तेव्हाच नैऋत्य मोसमी वारे सह्याद्रीच्या माथ्यावर घोंघावत असतात. सातारा जिल्ह्यातल्या वनकुसवडे-चाळकेवाडी पठारावरच्या पवनचक्क्यांची सुगी तीच.

पण पठारावरचा वारा कोल्हापूर शहरातल्या राजारामपुरीत मिळत नाही. वाऱ्यातली ऊर्जा त्याच्या वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. वेग दुप्पट झाला की ऊर्जा आठपट. वेग निम्मा झाला की मात्र आठवा हिस्साच हाती लागतो. २ मीटर व्यासाची पवनचक्की घ्या. वारा सेकंदाला ६ मीटर असेल तर ती साधारण १२० वॉट देईल. ३ मीटर असेल तर जेमतेम १५ वॉट, म्हणजे एक-दोन एलईडी बल्ब. शहरात इमारती आणि झाडं वारा अडवतात, त्यात भोवरे करतात. म्हणून उंच मनोरे, लांबलचक पाती आणि मोकळं पठार लागतं. गच्चीवरच्या पवनचक्कीच्या नादाला लागूच नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

पठारावरही सगळं फुकटात पडत नाही. चाळकेवाडीतला एक अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. पवनचक्क्यांच्या परिसरात शिकारी पक्षी बरेच कमी आढळले, आणि खाणारेच घटल्यामुळं सरड्यांची संख्या वाढलेली दिसली.

गच्चीला ऊनच बरं. १ किलोवॉटला साधारण १०० चौरस फूट जागा लागते आणि वर्षाची सरासरी काढली तर दिवसाला ४ युनिटच्या आसपास वीज मिळते. पावसाळ्यातली तूट नेट मीटरिंगमुळं बरीच भरून निघते: उन्हाळ्यात ग्रिडला, म्हणजे वीज कंपनीच्या तारांच्या जाळ्याला, दिलेले जादा युनिट पुढच्या बिलांत वळते होतात. घरगुती सोलरसाठीच्या केंद्र सरकारच्या २०२४ च्या पीएम सूर्यघर योजनेत ३ किलोवॉटला ७८,००० रुपये अनुदान ठरलं.

पॅनेलला ऊन हवं, उष्णता नको. २५ अंशांच्या वर दर अंशाला उत्पादन सुमारे ०.३५ टक्क्यानं घटतं. मे महिन्यात दुपारी पॅनेल ६० अंशांपर्यंत तापतं, म्हणजे बारा टक्के तिथंच गेले. फेब्रुवारीतलं निरभ्र, गार ऊन त्या मानानं गुणाचं. हंगामात उसाचा पाला पेटवला की काळी राख उडत येऊन काचेवर बसते. ती सकाळी पॅनेल गार असतानाच पाण्यानं धुवावी.

सगळ्यात वाईट म्हणजे टाकीची सावली. पॅनेल एका माळेत जोडलेली असतात, त्यामुळं एकावर सावली पडली तरी अख्ख्या माळेचं उत्पादन घसरू शकतं. सावलीतल्या भागाला वळसा घालून वीज पुढं नेणारे बायपास डायोड नुकसान कमी करतात, पण टाळत नाहीत. जागा ठरवताना डिसेंबरातली सावली बघा, तेव्हा ती सर्वांत लांब असते. पॅनेलची तोंडं दक्षिणेला आणि कल साधारण १५ अंश ठेवा.

आणखी एक. लाईट गेली की साधं ऑन-ग्रिड, म्हणजे ग्रिडला जोडलेलं बिनबॅटरीचं सोलरही बंद पडतं, भर दुपारीसुद्धा. तुमची वीज तारांत उलटी गेली तर खांबावर चढलेल्या वायरमनच्या जिवावर बेतेल, म्हणून पॅनेलची वीज घरात वापरण्याजोगी करणारा इन्व्हर्टर आपणहून बंद होतो. तेव्हाही पंखा फिरायला हवा असेल तर बॅटरीवरही चालणारा हायब्रिड इन्व्हर्टर आणि बॅटरी लागते, आणि खर्चाचा आकडा तिथं फुगतो.