वजन घटल्यानंतरच्या जादा त्वचेचे दान

वजन घटवण्यासाठी जठरावर किंवा आतड्यांवर केल्या जाणाऱ्या बेरिएट्रिक शस्त्रक्रियेनंतर वजन झपाट्याने उतरते, पण वर्षानुवर्षे ताणलेली त्वचा त्या मानाने आक्रसत नाही. पोट, दंड, मांड्यांवर तिच्या घड्या लोंबतात; घाम साचून बुरशी धरते, कातडी सोलवटते. साधारण वर्ष-दीड वर्षाने, वजन स्थिरावल्यावर, प्लास्टिक सर्जन ती काढून टाकतात. ही त्वचा भाजलेल्या रुग्णाला देणे म्हणजे जादा त्वचेचे दान.

कल्पना निराधार नाही. परदेशांत काही ठिकाणी अशी त्वचा संमतीने घेतली जाते आणि रोपणाखेरीज औषधे त्वचेत कशी मुरतात याच्या प्रयोगांनाही ती वापरतात. अडचण प्रत्यक्ष कामात आहे. पोटावरून निघतो तो चरबीसकट जाड पट्टा. रोपणाला हवा असतो तो वरचा पातळ थर. तो वेगळा करायला चरबी काढावी लागते, शिवाय दात्याच्या एचआयव्ही, हिपॅटायटिस बी व सी आणि उपदंशाच्या तपासण्या कराव्या लागतात. घड्यांत संसर्ग असेल तर तो भाग बादच.

उदाहरणार्थ, इंदूरमध्ये बेरिएट्रिक शस्त्रक्रिया होतात आणि तिथल्या चोइथराम रुग्णालयात त्वचापेढीही (दानाची त्वचा साठवून ठेवणारी पेढी) आहे, त्यामुळे दोन्ही टोके सहज जुळतील असे वाटते. पण भारतातील त्वचापेढ्यांची रचना मरणोत्तर दानासाठी आहे. शस्त्रक्रियेत निघालेले ऊतक पेढीकडे जाण्याची पूर्वतयारी नसेल, तर २०१६च्या जैववैद्यकीय कचरा नियमांनुसार ते पिवळ्या पिशवीतून भट्टीत जाते. म्हणून ज्याला जादा त्वचा द्यायची आहे त्याने शस्त्रक्रियेची तारीख ठरण्याआधीच सर्जन आणि पेढी या दोघांना विचारावे. ऑपरेशनच्या टेबलावर उशीर झालेला असतो.

मरणोत्तर दान सोपे आहे, तरी संकोच त्याच्याच बाबतीत जास्त. नेत्रदानाचा अर्ज आनंदाने भरणारी मराठी कुटुंबेही त्वचादान म्हटले की "देह सोलणार का?" असे विचारतात. तसे होत नाही. मृत्यूनंतर सहा तासांच्या आत पाठ, मांड्या आणि पायांवरून डर्माटोम या यंत्राने फक्त वरचा पातळ थर घेतात व जागा पट्टीने झाकतात. चेहऱ्याला हात लागत नाही. रक्तगट जुळवावा लागत नाही. त्वचा ८५ टक्के ग्लिसरॉलमध्ये ४ ते ८ अंश सेल्सियसला ठेवली की वर्षानुवर्षे टिकते. मुंबईच्या शीव येथील लोकमान्य टिळक रुग्णालयात २०००मध्ये देशातील पहिली त्वचापेढी सुरू झाली.

दानाची त्वचा कायमची रुजत नाही. काही आठवड्यांत शरीर ती नाकारते. तोवर ती जखम झाकते, पाणी व प्रथिनांची गळती आणि वेदना कमी करते, जंतूंना अडवते. रुग्णाची स्वतःची त्वचा जाळीसारखी ताणून लावली असेल, तर तिच्यावर पांघरूण म्हणूनही ती लावतात. मोठ्या प्रमाणात भाजलेल्या माणसाकडे स्वतःची शाबूत त्वचाच थोडी उरते, आणि एकदा घेतलेल्या जागेवरून पुन्हा घ्यायला दोन-तीन आठवडे थांबावे लागते. दानाच्या त्वचेची खरी गरज याच दिवसांत पडते.