झेब्रा माशाच्या राखीव पेशी : पार्श्वभूमी

तुटलेले पुन्हा उगवते कसे, हा विषय बडोद्याला नवा नाही. इथल्या विद्यापीठात प्राणिशास्त्राच्या विद्यार्थ्यांच्या किती तरी पिढ्या पालीच्या शेपटीवर काम करत आल्या. नव्या शेपटीत मणके येत नाहीत, कूर्चेची नळी येते, हे इथे शिकलेल्यांना पाठ असते. म्हणून झेब्रा माशाची गोष्ट निघाली की बडोदेकर पहिल्यांदा हेच विचारतात : नवे आले ते कोणत्या पेशीतून?

मासा आपल्याकडचाच. १८२२ मध्ये गंगेच्या खोऱ्यातल्या माशांबरोबर त्याची शास्त्रीय नोंद झाली. न्यूरल क्रेस्ट, म्हणजे गर्भाच्या पाठीकडे तयार होऊन शरीरभर पसरणाऱ्या आणि रंगपेशी, चेतापेशी वगैरे देणाऱ्या पेशींची पट्टी, १८६८ मध्ये कोंबडीच्या गर्भात दिसली. दोन्ही धागे खऱ्या अर्थाने एकत्र आले ते १९९६ मध्ये. त्या वर्षी जर्मनी आणि अमेरिकेतल्या गटांनी या माशाची हजारो उत्परिवर्तने प्रसिद्ध केली. त्यांत काही पिल्ले रंगहीन होती. त्यांतल्या एका प्रकारात बिघाड सॉक्स-१० या जनुकात आहे, हे २००१ मध्ये कळले. या पिल्लांत रंगपेशी आणि मेंदूबाहेरच्या बऱ्याच चेतापेशी नसतात, पण जबड्याची कूर्चा जवळपास शाबूत असते. क्रेस्टमधून निघणाऱ्या सगळ्या पेशी एका वाटेने जात नाहीत, हे इथेच स्पष्ट झाले.

पुढचा टप्पा मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो. २००६ मध्ये पिल्लांच्या काळ्या रंगपेशी औषधाने मारण्याची युक्ती सापडली. काही दिवसांत नव्या काळ्या पेशी हजर! त्या कुठून आल्या? २००९ च्या प्रयोगाने याचे नेमके उत्तर दिले. अंडे फलित झाल्यावर ९ ते ४८ तासांच्या दरम्यान अर्बबी नावाचा संदेशमार्ग औषधाने रोखला, तर पिल्लू दिसायला नेहमीसारखेच होते, पहिले काळे ठिपकेही येतात. पण ते मारले की पुन्हा येत नाहीत. म्हणजे पुढच्या भरपाईसाठीचा साठा पहिल्या दोन दिवसांतच बाजूला काढला जातो. हा साठा पाठीच्या कण्यालगतच्या चेतागुच्छांजवळ असतो आणि मोठ्या माशाचे पट्टेही बहुतांशी त्यातूनच भरतात, हे पुढच्या चार-पाच वर्षांत उलगडले.

या साठ्याला म्हणायचे काय, इथे खरा घोळ आहे. शोधनिबंधांत त्यांना ‘काळ्या रंगाच्या मूलपेशी’ म्हटले गेले. मूलपेशी म्हणायची तर दोन अटी : तिने वेगळ्या प्रकारची पेशी द्यावी आणि स्वतःसारखी एक मागे ठेवावी. जनक पेशीला, म्हणजे जिच्यातून दुसऱ्या पेशी निघतात तिला, दुसरी अट नाही. आपल्या मराठी लेखांत दोन्हींना सरसकट मूलपेशी म्हणतात, आणि तिथेच वाचक फसतो. २०१५ मध्ये मोठ्या माशाच्या पट्ट्यांत पाहिले तेव्हा काही रंगहीन पेशी न विभागता थेट काळ्या झाल्या, तर काही विभागून साठा भरत राहिल्या. वर-वर एकसारख्या पेशी, पण दोन वागणुकी. २०१६ मध्ये एकेका पेशीचा वंश लावला, तर एकाच पूर्वजापासून काळ्या, पिवळ्या, चकाकत्या अशा तिन्ही रंगपेशी आणि चेतासंस्थेच्या पेशीही निघाल्या. मग ‘काळ्या रंगाच्या’ हे विशेषणही तोकडे पडते. माझ्या मते ‘जनक पेशी’ हाच शब्द धरावा. स्वतःची भरपाई करताना दिसेल तिलाच मूलपेशी म्हणावे.

हाच घोळ हृदयापर्यंत पोहोचला आहे. झेब्रा माशाच्या हृदयाच्या खालच्या कप्प्याचा सुमारे २० टक्के भाग कापला तरी दोन महिन्यांत भरून येतो, हे २००२ पासून ठाऊक आहे. क्रेस्टच्या पेशी या माशाच्या हृदयस्नायूत मिसळतात, हेही २००३ मध्ये दिसले. २०१९ मध्ये मोठ्या माशाच्या हृदयात सॉक्स-१० चालू असलेल्या स्नायुपेशी जखमेनंतर झपाट्याने वाढताना आढळल्या; त्या नष्ट केल्यावर दुरुस्ती फार अडखळली. त्याच वर्षी दुसऱ्या गटाने जखमी हृदयात क्रेस्टची जनुके पुन्हा जागी होतात, असे मांडले. दोन्ही निष्कर्ष एकमेकांना जोडून ‘क्रेस्टच्या पेशी हृदय दुरुस्त करतात’ असे म्हणणे सोपे आहे. पण सॉक्स-१० मेंदूतल्या तंतूंना वेष्टण घालणाऱ्या पेशींतही चालू असतो, आणि त्या क्रेस्टच्या नव्हेत. जनुक चालू दिसले म्हणून वंश सिद्ध होत नाही; त्यासाठी पेशीवर गर्भातच खूण करून ती मोठ्या माशापर्यंत पाहत जावे लागते.