पाटीवर ‘महिला उद्योग’ किंवा ‘एससी-एसटी उद्योग’ लिहिण्याआधी: ५१ टक्क्यांची अट, उद्यम नोंदणी आणि कागदपत्रे

सोलापूरच्या अक्कलकोट रोड किंवा चिंचोली एमआयडीसीतल्या टॉवेल, चादर, गणवेशाच्या कारखान्याला रेल्वेची किंवा एनटीपीसी या केंद्राच्या वीज कंपनीची ऑर्डर हवी असेल, तर मालकी कोणाची हा प्रश्न कधी ना कधी येतोच. केंद्राच्या २०१२ च्या सार्वजनिक खरेदी धोरणानुसार केंद्रीय मंत्रालये, खाती आणि केंद्राच्या कंपन्यांनी वर्षाच्या खरेदीपैकी किमान २५ टक्के खरेदी सूक्ष्म व लघु उद्योगांकडून करायची असते. त्यात ४ टक्के अनुसूचित जाती-जमातीच्या आणि ३ टक्के महिलांच्या मालकीच्या उद्योगांसाठी आहेत. महिलांचा वाटा २०१८ च्या दुरुस्तीने आला. हे धोरण महापालिका, जिल्हा परिषद किंवा राज्याच्या खात्यांना आपोआप लागू होत नाही, त्यांच्या निविदेतल्या अटी वेगळ्या वाचाव्यात.

फायदा काय, तेही नेमके पाहू. निविदेची कागदपत्रे मोफत मिळतात, ईएमडी म्हणजे बयाणा रक्कम माफ होते. शिवाय तुमचा दर सर्वांत कमी नसला, पण त्यापेक्षा १५ टक्क्यांच्या आत असला, तर तो सर्वांत कमी दर मान्य करून मालाचा काही हिस्सा पुरवण्याची संधी मिळते. समजा टॉवेलचा सर्वांत कमी दर १०० रुपये आहे आणि तुम्ही ११४ भरला. तुम्हाला १०० रुपयांत द्यायला तयार आहात का, असे विचारले जाईल. ११६ भरला असेल तर विचारणा होणार नाही. राखीव वाटा म्हणजे चढ्या दराने खरेदी, असा समज बाजारात पक्का बसला आहे. तो चुकीचा आहे.

मालकी कशी मोजतात

एकल मालकीत मालक स्वतः अनुसूचित जाती-जमातीचा किंवा महिला असावा लागतो. भागीदारीत अशा भागीदारांचा मिळून किमान ५१ टक्के हिस्सा हवा. प्रायव्हेट लिमिटेड कंपनीत किमान ५१ टक्के शेअर अशा प्रवर्तकांकडे हवेत. बरोबर निम्मी भागीदारी चालत नाही. नवरा-बायकोचा ५०-५० चा करार असेल, तर तो महिला मालकीचा उद्योग ठरत नाही, मग कारखाना बाई कितीही समर्थपणे चालवत असोत. सासूचे २६, सुनेचे २५ आणि मुलाचे ४९ टक्के असतील, तर मात्र ठरतो, कारण दोघींचे मिळून ५१ होतात.

करारात भांडवलाचे प्रमाण आणि नफा-तोट्याचे प्रमाण दोन्ही पाहून घ्या. भांडवल ५१ टक्के आणि नफा १० टक्के असा करार तपासणाऱ्याच्या नजरेत लगेच भरतो, आणि तो प्रश्न रास्त असतो.

धोरण फक्त सूक्ष्म आणि लघु उद्योगांसाठी आहे. १ एप्रिल २०२५ पासून सूक्ष्मची मर्यादा यंत्रसामग्रीतील गुंतवणूक अडीच कोटी आणि उलाढाल १० कोटी, तर लघुची २५ कोटी आणि १०० कोटी आहे. मध्यम उद्योग यात येत नाही.

‘अल्पसंख्याक’ या शब्दाने होणारा घोळ

सोलापुरात हा घोळ जास्त होतो, कारण इथे धर्माने आणि भाषेने दोन्ही प्रकारचे अल्पसंख्याक आहेत. मुस्लिम, ख्रिश्चन, शीख, बौद्ध, पारशी आणि २०१४ पासून जैन हे केंद्राने अधिसूचित केलेले धार्मिक अल्पसंख्याक. त्यांच्यासाठी कर्जयोजना आहेत, राज्यात त्या मौलाना आझाद अल्पसंख्याक आर्थिक विकास महामंडळामार्फत चालतात. पण वर सांगितलेल्या ४ किंवा ३ टक्क्यांत धर्माला जागा नाही. तेलुगू किंवा कन्नड भाषिक अल्पसंख्याक हा दर्जा शिक्षणसंस्थांच्या कामाचा, टॉवेल कारखान्याच्या नाही. ओबीसी, विमुक्त-भटक्या आणि विशेष मागास प्रवर्गातले उद्योजकही ४ टक्क्यांत येत नाहीत, उद्यम या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योगांच्या सरकारी नोंदणीच्या अर्जात ओबीसीचा रकाना असला तरी. म्हणून माहितीपत्रकावर नुसते ‘अल्पसंख्याक उद्योग’ छापू नका. नेमके काय ते लिहा.

जातीच्या दाखल्यातल्या अडचणी

दाखला उपविभागीय अधिकाऱ्याचा, म्हणजे प्रांतांचा लागतो. अर्ज ‘आपले सरकार’वरून किंवा सेतू केंद्रातून होतो. अनुसूचित जातीसाठी १० ऑगस्ट १९५० आणि जमातीसाठी ६ सप्टेंबर १९५० पूर्वीचा कुटुंबाचा रहिवास दाखवावा लागतो. वडील-आजोबांच्या शाळेचा निर्गम उतारा, जन्म-मृत्यू नोंदीचा गाव नमुना १४ किंवा कोतवाल बुकाची नक्कल यातले जुन्यात जुने जे सापडेल ते जोडा. कुटुंब विजयपूर किंवा कलबुर्गीहून या तारखांनंतर आलेले असेल, तर जातीचा दर्जा मूळ राज्याचाच राहतो. केंद्राच्या कामासाठी तो चालतो, महाराष्ट्राच्या सवलतीसाठी नाही.

महिलांच्या बाबतीत दोन गोष्टी हमखास अडतात. पहिली: जात जन्माने ठरते, लग्नाने नाही. खुल्या प्रवर्गातली मुलगी अनुसूचित जातीच्या घरात आली म्हणून तिचा उद्योग एससी मालकीचा होत नाही. दुसरी: दाखला माहेरच्या नावाने आणि आधार-पॅन सासरच्या नावाने असते. दोन्ही नावे जोडणारे विवाह नोंदणी प्रमाणपत्र किंवा राजपत्र सोबत ठेवले नाही, तर खरा असलेला दावाही फेटाळला जातो. तेवढ्या एका कागदावाचून निविदा जाणे फार वाईट, म्हणून तो आधीच काढून ठेवा.

अनुसूचित जातीचा दर्जा हिंदू, शीख आणि १९९० पासून बौद्ध धर्मीयांना मिळतो. बौद्ध उद्योजकांनी दाखल्यावर मूळ अनुसूचित जातीचा उल्लेख आहे ना, हे पाहून घ्यावे.

उद्यम नोंदणी

नोंदणी फक्त सरकारी पोर्टलवर होते आणि ती पूर्ण मोफत आहे. पैसे मागणारे संकेतस्थळ सरकारी नव्हे. एकल मालकाचे, व्यवस्थापकीय भागीदाराचे किंवा कंपनीच्या अधिकृत स्वाक्षरीदाराचे आधार, उद्योगाचे पॅन, जीएसटी क्रमांक (लागू असल्यास) आणि बँक खाते एवढे हाताशी ठेवा. आधारवरचा ओटीपी, पॅनची पडताळणी, मग सामाजिक प्रवर्ग, लिंग, दिव्यांग आहे का, कारखान्यांचे पत्ते, कामगारांची संख्या, एनआयसी कोड (व्यवसायाचा प्रकार सांगणारा क्रमांक) असा क्रम आहे. दोन ठिकाणी कारखाने असले तरी एका उद्योगाची नोंदणी एकच, दुसरा पत्ता तिच्यातच टाकायचा. मोबाइल क्रमांक स्वतःचा द्या. सायबर कॅफेवाल्याचा दिला, तर पुढच्या प्रत्येक दुरुस्तीचा ओटीपी त्याच्याकडे जातो.

एनआयसी कोड घाईत निवडू नका. कापड विणणे विभाग १३ मध्ये, कपडे शिवणे १४ मध्ये, घाऊक व्यापार ४६ आणि किरकोळ ४७ मध्ये येतो. दुसऱ्याच्या मागावरचा तयार माल घेऊन विकणाऱ्याला २ जुलै २०२१ पासून उद्यम नोंदणी मिळते, पण ती बँकेच्या प्राधान्य क्षेत्रातल्या कर्जापुरती. खरेदी धोरणाचा लाभ त्याला नाही. अशा दुकानदाराने ‘उत्पादक’ म्हणून कोड टाकला, तर तोही मालकीइतकाच खोटा दावा आहे.

आता सर्वांत महत्त्वाचे. प्रमाणपत्रावर छापला जाणारा प्रवर्ग आणि लिंग अर्ज भरणाऱ्या एका व्यक्तीचे असते. १० टक्के हिश्शाच्या भागीदार बाईंच्या आधारवर अर्ज भरला, तरी प्रमाणपत्रावर ‘महिला’ येते. पोर्टल करार तपासत नाही. उद्यम प्रमाणपत्र हे स्वयंघोषणेवर मिळते, मालकीचा पुरावा म्हणून ते पुरत नाही. म्हणून निविदेसोबत जातीचा दाखला आणि भागीदारी करार, किंवा सनदी लेखापालाने प्रमाणित केलेली भागधारकांची यादी जोडा.

कंपनीत हिस्सा नकळत घटतो. १०,००० शेअरपैकी ५,१०० बाईंचे आहेत आणि नव्या गुंतवणूकदाराला २,००० नवे शेअर दिले, तर ५,१०० भागिले १२,००० म्हणजे साडेबेचाळीस टक्के. त्या दिवसापासून महिला मालकी संपली, लेटरहेडवर काहीही छापलेले असो.

नावापुरती मालकीण

कारखाना दुसऱ्याचा, कागदावर नाव बाईचे किंवा कारखान्यातल्या एखाद्या अनुसूचित जातीच्या कामगाराचे. असे नाव देणाऱ्यांनी हे नीट वाचावे, कारण ते बहुतेक विश्वासाने सही करतात आणि भार त्यांच्यावरच येतो. भागीदारी कायद्याच्या कलम २५ नुसार फर्मच्या देण्याला प्रत्येक भागीदार वैयक्तिकरीत्या पूर्ण जबाबदार असतो. बँकेचे कर्ज, सूतवाल्याची उधारी, जीएसटीची थकबाकी, सगळे. कंपनीत शेअर एकाच्या नावे आणि लाभ दुसऱ्याचा असेल, तर कंपनी कायद्याच्या कलम ८९ नुसार दोघांनीही ३० दिवसांत एमजीटी-४ आणि एमजीटी-५ या नमुन्यांत तसे जाहीर करायचे असते, त्यानंतर कंपनी एमजीटी-६ हा नमुना भरते. पती-पत्नीपलीकडच्या व्यवहारात बेनामी कायदाही लागू होऊ शकतो. त्यात १ ते ७ वर्षांची सक्तमजुरी आहे.

आणि अशा प्रत्येक नावापुरत्या मालकीमुळे खरोखर स्वतःचे माग चालवणाऱ्या एखाद्या उद्योजकाची ऑर्डर जाते. ४ टक्के हा आकडा मुळातच लहान आहे.

चूक झाली असेल तर

पोर्टलवर ‘अपडेट’मध्ये जाऊन स्वतः दुरुस्ती करा, जेम या सरकारी ऑनलाइन खरेदी पोर्टलवरची माहितीही त्याच दिवशी जुळवा. तक्रार झाल्यास जिल्हा उद्योग केंद्राचे महाव्यवस्थापक चौकशी करून अहवाल राज्याच्या उद्योग संचालनालयाकडे पाठवतात. तिथून नोटीस येते, म्हणणे मांडण्याची संधी मिळते, आणि मग नोंद दुरुस्त करणे किंवा रद्द करण्याची शिफारस करणे यांपैकी काहीतरी होते. जाणूनबुजून खोटी माहिती दिल्यास एमएसएमई म्हणजे सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग कायद्याच्या कलम २७ खाली दंड आहे. निविदेत खोटे घोषणापत्र दिल्यास केंद्राच्या २०१७ च्या सामान्य वित्तीय नियमांतील नियम १५१ नुसार खरेदी करणारे खाते २ वर्षांपर्यंत काळ्या यादीत टाकू शकते.

पाटी, लेटरहेड आणि माहितीपत्रकासाठी मजकूर साधा ठेवा: ‘महिला भागीदारांचा हिस्सा ५१ टक्के, उद्यम क्रमांक अमुक’. हिस्सा ३० टक्के असेल तर ‘महिला भागीदार असलेली फर्म’ असे लिहा. तेही खरे आहे आणि त्यात कमीपणा काही नाही. करार बदलला की जुने लेटरहेड त्याच दिवशी कपाटातून काढून टाका, कारण पुढच्या निविदेला घाईत तेच जोडले जाते.