डांबरगोळीच्या भरवशावर

मुंबईत किंवा कोकणात राहणाऱ्यांनी घरच्या भिंतीवर हा प्राणी नक्की पाहिलेला असतो, फक्त तो प्राणी आहे हे पुष्कळांच्या ध्यानात येत नाही. कपाटामागे, माळ्याच्या कोपऱ्यात, बाथरूमच्या दाराशी राखाडी, चपटं, काकडीच्या बीसारखं काहीतरी चिकटलेलं दिसतं. थोडा वेळ थांबून पाहिलं तर ते सरकतं. एका टोकातून तपकिरी डोकं आणि पुढचे पाय बाहेर येतात, भिंत धरतात आणि मागचं बिऱ्हाड ओढून घेतात. बोट लावलं की डोकं आत. जरा वेळाने पाहावं तर तेच डोकं दुसऱ्या टोकातून बाहेर! ही पिशवी दोन्ही बाजूंनी उघडी असते आणि आतल्या अळीला जागच्या जागी उलटं फिरता येतं. पिशवी तिने स्वतःच्या रेशमी धाग्याने विणलेली असते, त्यावर धूळ आणि वाळूचे कण चिकटवून.

ही फेरिओइका युटरेला नावाच्या पतंगाची अळी. जळमटं, गळालेले केस, मेलेले किडे यांवर तिचं भागतं, पण लोकर हाती लागली तर तीही ती सोडत नाही. तिचे दोन नातलग मात्र लोकरीच्या कपड्यांसाठीच जगभर बदनाम आहेत: टिनिओला बिसेलिएला आणि टिनिआ पेलिओनेला. आपण या सगळ्यांना सरसकट कसर म्हणून मोकळे होतो.

ट्रंक उघडल्यावर भुर्रकन उडणारा पतंग दिसला की आपला हात आधी त्याच्यावर पडतो. पण त्या बिचाऱ्याने स्वेटरचा एक धागाही खाल्लेला नसतो. टिनिओलाचा पतंग फिकट सोनेरी, लांबीला जेमतेम 6 ते 8 मिलिमीटर. त्याच्या तोंडाचे अवयव खुरटलेले असतात, त्यामुळे तो काही खाऊच शकत नाही. त्यातून उडताना दिसतात ते बहुतेक नर. माद्या कपड्यांच्या घड्यांतून धावत राहतात. ट्यूबलाइटभोवती घिरट्या घालणारे पतंग तर वेगळेच, कारण टिनिओलाला उजेडाचं वावडं असतं. एक मादी साधारण 40 ते 50 अंडी घालते. त्यांतून निघालेली अळी उबदार हवेत आणि चांगलं खाणं मिळालं तर दोनेक महिन्यांत वाढते. नाहीतर दोन वर्षंसुद्धा तशीच रेंगाळते. भोकं पाडते ती हीच अळी. पतंग दिसेपर्यंत काम उरकलेलं असतं.

मुळात लोकर पचवणं ही सोपी गोष्ट नाही. लोकर, केस, नखं, पिसं हे सगळं केराटिन नावाच्या प्रथिनाचं बनलेलं असतं. त्याच्या साखळ्या गंधकाच्या जोड्यांनी एकमेकींना घट्ट बांधलेल्या असतात. लोकरीत वजनाच्या तीन-चार टक्के गंधक असतं, त्याचं कारण हेच. जेवणात आलेला केस आपल्या पोटातून जसाच्या तसा बाहेर पडतो, कारण आपले पाचकरस या जोड्यांपुढे हात टेकतात. टिनिओलाच्या अळीने यावर तोड काढली आहे. तिच्या आतड्याचा मधला भाग चांगलाच अल्कधर्मी असतो आणि तिथे ऑक्सिजन जवळजवळ नसतो. अशा जागी गंधकाच्या जोड्या आधी सुटतात आणि मग मोकळ्या झालेल्या साखळ्यांचे तुकडे पाडणं विकरांना, म्हणजे एन्झाइमांना, जमतं. 1930च्या दशकात कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत लिंडरस्ट्रॉम-लांग आणि दुस्पिवा यांनी या अळीच्या पचनाचा अभ्यास केला होता. ब्युटी पार्लरमध्ये कुरळे केस सरळ करायला जे रसायन लावतात, तेही या गंधकाच्या जोड्याच सोडवत असतं. रेशमाच्या मुख्य प्रथिनात गंधक जवळजवळ नसतंच आणि अळीला त्यात फारसा रसही नसतो. त्यामुळे पैठणीची काळजी जरा कमी केली तरी चालेल, मात्र तिच्यावर जेवणाचे डाग नसावेत.

डागांचा मुद्दा महत्त्वाचा आहे. नुसत्या, स्वच्छ लोकरीवर अळी नीट वाढत नाही. केराटिनमध्ये तिला लागणारी ब जीवनसत्त्वं आणि क्षार नसतात. ते मिळतात घामातून, त्वचेच्या कोंड्यातून, सांडलेल्या चहातून. म्हणून भोकं बहुधा गळ्याशी, काखेत, मनगटाशी किंवा पोटावरच्या डागापाशी सापडतात. मनालीच्या सहलीत आठवडाभर घातलेला स्वेटर ‘फार मळला नाही’ म्हणून तसाच घडी घालून ठेवणं म्हणजे अळीला पंगतीचं आमंत्रण. एकदा घातलेला लोकरीचा कपडा धुऊनच ठेवावा. एवढं एक केलं तरी निम्मी लढाई जिंकली, असं माझं मत आहे.

पण आपला सगळा भरवसा डांबरगोळ्यांवर. गोळीतलं नॅफ्थलिन घनरूपातून थेट वाफ होतं आणि ती वाफ पुरेशी दाट साठली तरच अळी मरते. दाराला फट असलेल्या लाकडी कपाटात चार गोळ्या टाकल्या तर खोलीभर वास सुटतो, अळी मात्र सुखात असते. वाफ हवेपेक्षा जड, म्हणून गोळ्या हवाबंद डब्यात, कपड्यांच्या वर, कागदात गुंडाळून ठेवाव्या लागतात. सोबत कापूर ठेवायची हौस नको, दोन्ही एकत्र आले की थोड्या उष्म्यातही पाझरतात आणि कपड्यावर तेलकट डाग पडतात. लहान बाळाच्या झबल्या-टोपड्यांत आणि पांघरुणात तर या गोळ्या बिलकूल ठेवू नयेत. जी-6-पी-डी हे विकर जन्मतः कमी असलेल्या बाळांच्या तांबड्या पेशी नॅफ्थलिनमुळे फुटतात आणि गंभीर कावीळ होऊ शकते. हा दोष आपल्याकडे दुर्मीळ नाही आणि पुष्कळ घरांत तो बाळाला आहे हे कोणाला ठाऊकही नसतं. युरोपीय संघाने 2008मध्ये या गोळ्यांवर बंदी घातली. कडुलिंबाचा पाला, लवंगा, देवदाराचे तुकडे यांचा वास छान येतो, पण आत शिरलेली अळी त्यांनी मरेल ही आशा करू नये.

थंडीने मात्र ती मरते. कपडा प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून, हवा काढून, तोंड घट्ट बांधून उणे 18 अंशांच्या फ्रीझरमध्ये दोन आठवडे ठेवायचा. बाहेर काढल्यावर पिशवी लगेच उघडायची नाही, नाहीतर गार कपड्यावर दव धरतं. फ्रिजच्या बर्फाच्या छोट्या कप्प्यात एवढी थंडी बहुतेक वेळा नसते, तेव्हा आधी थर्मामीटर ठेवून पाहावा. उष्णताही चालते: 55 अंशांपुढे अंडी, अळी, पतंग कोणीच टिकत नाही. मे महिन्यात ट्रंका उपसून कपड्यांना ऊन दाखवायची आपली जुनी रीत याच कारणाने शहाणपणाची. मात्र नुसतं ऊन दाखवून भागत नाही. घड्या उलगडून झटकणं आणि शिवणी, खिसे, कॉलरखालची जागा ब्रशने घासणं जास्त मोलाचं, कारण त्याने अंडी आणि अळ्या निघून जातात. अळीला अंधार आणि निवांतपणा हवा असतो. धनगराच्या खांद्यावर रोज झटकली जाणारी घोंगडी आणि चार वर्षं ट्रंकेत पडून असलेली काश्मिरी शाल यांत तिला कोणती आवडेल हे उघड आहे.

एवढा खटाटोप करण्याआधी कपडा लोकरीचा आहे ना, तेवढं पाहून घ्यावं. बाजारात ‘वुलन’ म्हणून मिळणारे पुष्कळ स्वेटर अ‍ॅक्रिलिकचे असतात. शिवणीतला एक धागा काढून चिमट्यात धरून जाळावा. लोकर असेल तर जळक्या केसांचा वास येतो आणि राख बोटांत चुरगळते. अ‍ॅक्रिलिक वितळून त्याची टणक गुठळी होते.

आणि सगळं करूनही दर वर्षी कसर लागतच असेल तर खिडकीबाहेर पाहा. हे पतंग आपल्या कपाटांत येण्याआधीपासून पक्ष्यांच्या घरट्यांत राहत आलेले आहेत. पिसं आणि विष्ठा हे त्यांचं जुनं अन्न. लोकर खाणारे, अंगावर राठ केस असलेल्या अळ्यांचे छोटे भुंगेरेही तिथूनच घरात येतात. एसीच्या मागे कबुतराचं रिकामं घरटं वर्षानुवर्षं साचलेलं असेल तर ट्रंकेला हात लावण्याआधी, नाकातोंडावर मास्क बांधून, ते काढून टाका.