शटर पन्नासलाच का?

लग्नाच्या शूटिंगला नवीन पोरगा आला की सांगलीत उस्ताद त्याला आधी एकच गोष्ट बजावतो: "शटर पन्नासला ठेव, परत हात लावायचा नाही." का, ते सांगत नाही. बहुधा त्यालाही कुणी सांगितलेलं नसतं.

पन्नास म्हणजे एकेका चित्रासाठी शटर उजेड आत घेतो तो वेळ, सेकंदाचा पन्नासावा भाग, आणि हा आकडा कॅमेऱ्यापेक्षा जुना आहे. १८९० च्या दशकापासून युरोपात वीज ५० हर्ट्झवर (सेकंदाला ५० आवर्तनं) रुळत गेली, अमेरिकेत ६० वर. पुढे टीव्ही आला तेव्हा चित्राचा वेग विजेशी जुळवून घेतला, नाहीतर पडद्यावर पट्टे सरकायचे. म्हणून अमेरिकेत सेकंदाला ६० फील्ड (फील्ड म्हणजे एकाआड एक ओळींचं अर्धं चित्र), युरोपात ५०, म्हणजे २५ पूर्ण फ्रेम. आपली वीज ५० ची. १९८२ मध्ये दूरदर्शन रंगीत झालं ते पाल या युरोपातल्या रंगीत टीव्हीच्या पद्धतीने, ५० फील्डवर.

आता कार्यालयातली ट्यूबलाइट बघा. ५० हर्ट्झवर ती प्रत्येक आवर्तनात दोनदा, म्हणजे सेकंदाला १०० वेळा मंद-प्रखर होते. डोळ्याला कळत नाही, कॅमेऱ्याला कळतं. १/५० ला प्रत्येक चित्रात उजेडाचे बरोबर दोन ठोके सापडतात, १/१०० ला एक. १/६० ला मात्र पावणेदोनच्या आसपास, आणि तेही दरवेळी वेगळ्या जागचे, म्हणून चित्र धडधडतं. हॅलोजनची तार तापलेलीच राहते, तिथे हे एवढं जाणवत नाही.

माझ्या मामेभावाने अमेरिकेहून हँडीकॅम आणला होता, अर्थात ६० वाला. त्यावर घेतलेली त्याच्या बहिणीची हळद बघवत नव्हती, सगळं धडधडत होतं. कॅमेरा खराब आहे म्हणून तो कपाटात गेला. शटर १/१०० ला नेला असता तर भागलं असतं. जपान्यांना हे दुखणं घरचंच. त्यांचा टीव्ही ६० वर चालायचा, पण १८९५ मध्ये टोकियोने जनरेटर जर्मनीचे घेतले आणि पुढच्या वर्षी ओसाकाने अमेरिकेचे. अर्धा देश आजही ५० वर आहे.

सुरुवातीच्या कॅमकॉर्डरवर शटरचा प्रश्नच नव्हता. १९८३ च्या सोनी बीटामूव्हीत चित्र पकडायला काचेची नळी होती, आणि घेतलेलं त्यावर परत बघताही येत नसे. नळी जाऊन सीसीडी (उजेड चार्जच्या रूपात साठवणारी चिप) आली तेव्हा जमलेला चार्ज मध्येच ओतून टाकता येऊ लागला. हलणारं पातं नसलेला शटर तो हाच. मग १/५००, १/१००० सगळं बटणावर आलं. पोरांनी ते अक्षतांवर वापरून पाहिलं. १/५० ला तांदळाची रेघ उमटते, १/५०० ला दाणा न् दाणा हवेत थांबतो. पण उजेड दसपट लागतो आणि ट्यूबखाली धडधड परत येते.

शटर अडकवला की उजेड सांभाळायला उरतात आयरिस (लेन्समधलं उघडमीट होणारं छिद्र) आणि गेन (सिग्नल वाढवणं). गेन दर ६ डेसिबलला उजेड दुप्पट करतो. १८ ला आठपट, आणि चित्रात रवा सांडल्यासारखे दाणे. खरी परीक्षा अंतरपाटाची. पांढरं कापड फ्रेमभर आलं की ऑटो आयरिस मिटतो. कापड राखाडी, बाजूला उभी करवली काळी. "सावधान" म्हणून अंतरपाट खाली येतो, आयरिस सावकाश उघडतो, तोवर हार घालून झालेले असतात. म्हणून जाणता माणूस मंगलाष्टकांच्या आधीच नवरीच्या चेहऱ्यावर झूम करून एक्स्पोजर बांधतो आणि मागे येतो.

एवढं करूनही भारनियमनाच्या वर्षांत पन्नासचा हिशोब चुकायचा. लाइट जनरेटरवर असायची, पंगत बसली की सगळे पंखे एकदम लागायचे, इंजिन दबायचं आणि ५० चे ४८ व्हायचे. व्ह्यूफाइंडरमध्ये उजेड वरखाली झुलू लागला, की शूटिंगवाला कॅमेरा पोराच्या हातात देऊन कार्यालयामागे जनरेटरवाल्याला शोधायला जायचा.