पटावर एकीकडे, फडावर दुसरीकडे : ऊसतोड कामगारांच्या मुलांचं शिक्षण

बीड आणि शेजारच्या जिल्ह्यांतून ऊसतोडीला मुलांसह जाणं नवं नाही. त्यांच्या शाळेचा विचार मात्र उशिरा, १९९०च्या दशकात साखरशाळांच्या रूपाने सुरू झाला. कारखान्याच्या तळावर पत्र्याच्या शेडमध्ये भरणारे हे वर्ग कोपीपासून, म्हणजे कामगारांच्या तात्पुरत्या झोपडीपासून, हाकेच्या अंतरावर असत, धाकट्या भावंडाला कडेवर घेऊनही तिथे बसता येई. पण ते अनौपचारिक. तिथलं शिक्षण गावच्या शाळेत धरलं जाईलच असं नव्हतं.

१ एप्रिल २०१० पासून शिक्षणहक्क कायदा लागू झाला. प्रत्येक मूल नियमित शाळेतच हवं, या आधारावर साखरशाळा आवरत्या घेतल्या गेल्या. तत्त्व बरोबर होतं, हिशेब चुकला. शाळेतली शिक्षकांची पदं ३० सप्टेंबरच्या पटावर ठरतात आणि तोड कामगारांच्या टोळ्या गाव सोडतात दसरा-दिवाळीच्या सुमारास. म्हणजे फडाजवळच्या, तोड चालू असलेल्या उसाच्या शेताजवळच्या, शाळेत नोव्हेंबरात वीस मुलं वाढली तरी पद वाढत नाही. गावची शाळाही नाव कमी करायला नाखूश, कारण पट घसरला की पद धोक्यात. दाखल्याअभावी प्रवेश अडवता येत नाही, असं कायदा सांगतो. पण दाखला ही मूळ अडचण नव्हतीच. शिवाय फड बदलला की टोळी हलते आणि नवी शाळा चार-पाच किलोमीटरवर जाते.

शिक्षण हमी कार्ड आलं ते यातूनच. नाव मूळ शाळेत ठेवायचं, मुलाचा वर्ग आणि अध्ययनस्तर कार्डावर नोंदवायचा आणि जिथे पोचेल तिथे त्याला बसवून घ्यायचं. कार्ड पालकांच्या हाती पडण्याआधी ट्रॅक्टर निघाला, की सगळं तिथेच अडतं. मग तेच मूल गावात गैरहजर आणि फडावर बेदखल. सलग महिनाभर गैरहजर मूल ‘शाळाबाह्य’ धरायचं, तर ‘स्थलांतरित’ या रकान्यात नेमकं कोण बसतं, यावरून दर सर्वेक्षणात आकडे हलतात.

दुसरा मार्ग हंगामी वसतिगृहाचा. नाव वसतिगृह, पण बऱ्याच गावांत इमारत नसतेच: मूल आजीकडे झोपतं, जेवण शाळा व्यवस्थापन समितीमार्फत मिळतं. मंजुरी डिसेंबरात आली तर उपयोग संपला. आई-बाप तोवर मुलाला घेऊन गेलेले असतात.

कायद्याची हमी चौदाव्या वर्षी संपते. ऊसतोडीत मजूर ‘कोयत्या’त मोजतात: नवरा-बायकोच्या जोडीचा एक कोयता धरला जातो, एकट्याचा अर्धा. नववीतल्या मुलीचं लग्न हंगामाच्या तोंडावर ठरतं, त्याला हाही हिशेब कारण असतो. मोठ्या मुलामुलींसाठी तालुकास्तरावरच्या निवासी वसतिगृहांची योजना २०२१मध्ये आली.